हरभऱ्यातली कीड : तारखेवर नको, तापमानावर लक्ष ठेवा

सोयाबीनच्या रानात हरभरा आणि शाळू उभा राहिलाय. शिरोळ, हातकणंगले, कागल भागात रात्रीचा पारा उतरू लागला की ‘मागच्या फवारणीला पंधरवडा झाला, आता दुसरी मारू’ हा हिशेब सोडा. घाटे अळीसारख्या किडीच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. हवा तापेल तशी ती वाढते, गारठ्यात रेंगाळते.

बऱ्याच अळ्यांची वाढ 10 ते 12 अंशांखाली जवळजवळ थांबते. उदाहरणापुरते 12 धरू. दिवसरात्रीचे सरासरी तापमान 28 असेल तर अळीला रोज 16 अंश कामी येतात, सरासरी 22 वर आली की फक्त 10. म्हणजे 30 दिवसांत पुरी होणारी पिढी 48 दिवस घेते. रोजच्या कमाल-किमान तापमानाची बेरीज करून निम्मे करा, त्यातून 12 वजा करा आणि वहीत मांडत चला; वरच्या उदाहरणात ही बेरीज 480 (30 × 16) झाली की एक पिढी पुरी. तापमान जागोजागी वेगळे, म्हणून गगनबावड्याच्या पाहुण्याने कधी फवारले ते शिरोळात कामाचे नाही. संक्रांतीनंतर ऊन तापू लागले की हीच रेंगाळलेली अळी झपाट्याने वाढते, आणि नेमके तेव्हाच घाटे भरत असतात. म्हणून सगळ्यात जास्त पाहणी त्या दिवसांत हवी.

रंगावरून फसू नका. घाटे अळी हिरवी, तपकिरी, गुलाबीसर, काळपट अशी कशीही दिसते. खाणे आणि हवामान बदलले की रंग बदलतो, कीड तीच. ‘नवीन अळी आलीय’ म्हणून दुकानातून महागडे औषध उचलू नका, मनापासून सांगतो. थंडीत वाढलेल्या ढालकिड्यांच्या पाठीवरही काळा भाग जास्त दिसू शकतो. ते मावा खातात, त्यांना जपा. असेच भातातले संध्याकाळी उडणारे तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके मिरवते, कोरड्या दिवसांत त्याचीच पुढची पिढी वाळक्या पानासारखी होते.

प्रकाश सापळा चांदण्या रात्री किंवा कडाक्याच्या थंडीत रिकामा राहिला तरी निर्धास्त होऊ नका; पतंग दिव्याकडे कमी येतात, इतकेच. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने घाटे अळीचे नर पतंग ओढणारे) लावा. सलग 2-3 दिवस एकेका सापळ्यात रोज 8 ते 10 पतंग सापडले, किंवा ओळीच्या एका मीटरमध्ये 1-2 अळ्या दिसल्या, तरच फवारा.

अळ्या लहान असतील तर घाटे अळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) किंवा 5 टक्के निंबोळी अर्क घ्या, आणि फवारणी ऊन कलल्यावरच करा. कडक उन्हात दोन्हींचा जोर ओसरतो. विषाणूच्या द्रावणात थोडी नीळ टाकली तर तो उन्हात जरा जास्त टिकतो. थंडीत अळी कमी खाते, त्यामुळे मरायलाही वेळ लागतो. मधे घाईने दुसरे औषध मारू नका. आठवड्याभराने झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या काळ्या, लिबलिबीत अळ्या शोधा. त्या दिसल्या तर विषाणू लागू पडलाय.