अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ऑपरेशनवरचं संशोधन वाचताना या चुका टाळा

घास अडकायला लागतो, एंडोस्कोपी होते, बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो आणि घरातलं कुणीतरी रात्रभर मोबाईलवर शोधत बसतं. दुसऱ्या दिवशी ओपीडीत शोधनिबंधाच्या प्रिंट येतात, त्यावर पिवळ्या शाईने रेघा मारलेल्या. मला हे आवडतं. जे नातेवाईक प्रश्न विचारतात, त्यांच्या पेशंटकडे घरीही नीट लक्ष दिलं जातं. अडचण अशी की या विषयातले आकडे बहुतेक वेळा खरे असतात, पण लावले जातात भलत्याच पेशंटला. फक्त नातेवाईकच नाही, सर्जरीत एमएस करणारी मुलंसुद्धा जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवरच्या चर्चेत, याच ठिकाणी घसरतात.

पेशी कोणत्या, हे न बघता निष्कर्ष उचलणं

सगळ्यात मोठी चूक हीच आहे. अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा. स्क्वॅमस हा अन्ननलिकेच्या मूळच्या अस्तरातून निघतो. तंबाखू आणि दारूशी त्याचं जवळचं नातं, आणि भारतात बहुतांश पेशंट याच प्रकारचे. अ‍ॅडिनोकार्सिनोमा बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराजवळ होतो. वर्षानुवर्षांची अ‍ॅसिडिटी आणि लठ्ठपणा ही त्याची मोठी कारणं, आणि युरोप-अमेरिकेत तोच जास्त दिसतो. गाजणारे बरेचसे निबंध तिकडूनच येतात.

उदाहरण घ्या. २०२४ मध्ये जर्मनीतल्या इसोपेक चाचणीचे निकाल आले. ४३८ पेशंट होते. एका गटाला ऑपरेशनआधी आणि नंतर फ्लॉट नावाची चार औषधांची केमो दिली, दुसऱ्याला ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन एकत्र. फ्लॉट गटात निम्मे पेशंट ६६ महिन्यांच्या पुढे जगले, दुसऱ्या गटात ३७ महिन्यांच्या पुढे. फरक ठळक आहे. त्यानंतर 'रेडिएशन आता जुनं झालं ना, मग आमच्या वडिलांना का देताय?' हा प्रश्न यायला लागला. वडिलांचा रिपोर्ट स्क्वॅमसचा होता. इसोपेकमध्ये स्क्वॅमसचा एकही पेशंट नव्हता.

ज्या पद्धतीला 'जुनी' म्हटलं जातं, ती नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीतली. पाच आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, सोबत रेडिएशनच्या २३ फेऱ्या, मग ऑपरेशन. तुलना होती नुसत्या ऑपरेशनशी. हा निबंध २०१२ मध्ये आला. तो उघडलात तर निकालाकडे जाण्याआधी पहिला तक्ता बघा. वय, लिंग, गाठीची जागा अशा ओळी असतात, त्यात पेशीच्या प्रकाराची ओळ शोधा. ३६६ पेशंटपैकी ७५ टक्के अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे, स्क्वॅमसचे साधारण २३ टक्के. आता या पद्धतीचा फायदा प्रकारानुसार वेगळा करून बघा. पुढच्या पाठपुराव्यात अ‍ॅडिनोकार्सिनोमात निम्मे पेशंट ४३ महिन्यांच्या पुढे गेले, नुसतं ऑपरेशन झालेल्यांत २७. स्क्वॅमसमध्ये हेच आकडे ८१.६ आणि २१.१. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही, असं अ‍ॅडिनोकार्सिनोमात २३ टक्क्यांत झालं आणि स्क्वॅमसमध्ये ४९ टक्क्यांत. म्हणजे ज्या पेशंटसाठी रेडिएशनला विरोध होत होता, त्याच्याच प्रकारात त्याचा परिणाम सर्वात मोठा दिसला होता.

मग प्रश्न सुटला का? नाही, कारण जपान वेगळं सांगतं. तिथल्या जेसीओजी ११०९ चाचणीत ६०१ पेशंट होते, सगळे स्क्वॅमस. ऑपरेशनआधी दोन औषधांची केमो दिलेल्यांत तीन वर्षांनी ६२.६ टक्के हयात होते, तीन औषधांच्या केमोत ७२.१ टक्के, आणि दोन औषधं अधिक रेडिएशन यात ६८.३ टक्के. तीन औषधांचा फायदा सिद्ध झाला, रेडिएशन जोडण्याचा झाला नाही. दोन्ही चाचण्या उत्तम, दोन्हीत स्क्वॅमस, तरी सूर वेगळा. याचं एक कारण ऑपरेशनमध्येच असावं, असं या क्षेत्रातले बरेच जण मानतात. जपानी सर्जन पोट, छाती आणि अनेकदा मानेतल्याही लिम्फ ग्रंथी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी जिथे पसरतात त्या गाठी, फार कसून काढतात. इतकी साफसफाई झाल्यावर रेडिएशनला करण्यासारखं कमी उरतं. म्हणून औषधांची नावं वाचून थांबू नका, त्या चाचणीत ऑपरेशन कोणतं केलं होतं तेही वाचा.

ग्रंथींवरून आठवलं. 'जास्त ग्रंथी काढल्या म्हणजे जास्त आयुष्य' हेही गृहीत धरू नका. शांघायमध्ये ४०० पेशंटवर मानेसकट आणि मानेशिवाय ग्रंथी काढण्याची तुलना झाली. पाच वर्षांनी दोन्ही गटांत ६३ टक्के हयात होते.

ऑपरेशन झालेले आणि न झालेले यांची सरळ तुलना

हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी काढून केलेले बरेच निबंध म्हणतात की ऑपरेशन झालेले पेशंट जास्त जगले. जगणारच. ज्यांचं हृदय आणि फुप्फुसं धड होती, जे जिना चढू शकत होते, ज्यांचा आजार पसरला नव्हता, त्यांनाच टेबलावर घेतलं गेलं. बाकीचे दुसऱ्या गटात गेले. फरक ऑपरेशनने पडला की माणसं मुळातच वेगळी होती, हे अशा नोंदींवरून सांगता येत नाही. पेशंट कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं असेल, तरच तुलनेला अर्थ आहे. निबंधाच्या पद्धतीच्या भागात ही एक ओळ आधी शोधा.

दुर्बिणीतून केलं म्हणजे छोटं ऑपरेशन, हा समज

भोकं छोटी असतात, ऑपरेशन तेवढंच मोठं असतं. अन्ननलिका निघते, जठराची नळी करून वर छातीत किंवा मानेत नेली जाते आणि तिथे जोड घातला जातो. दुर्बिणीचा खरा फायदा फुप्फुसांना होतो. २०१२ च्या टाइम चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग कापून केलेल्यांत २९ टक्के होता, दुर्बिणीतून केलेल्यांत ९ टक्के. न्यूमोनियाने खाटेला खिळलेला पेशंट ज्याने पाहिला आहे, त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

पण फ्रान्सच्या मिरो चाचणीतला एक आकडा नेहमी चुकीचा सांगितला जातो. तीन वर्षांनी ६७ टक्के हयात विरुद्ध ५५ टक्के, म्हणजे 'दुर्बिणीने आयुष्य वाढतं'. त्या निबंधातच हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध नाही असं लिहिलं आहे. ती चाचणी मोठे कॉम्प्लिकेशन मोजण्यासाठी बांधली होती आणि तिथे उत्तर स्वच्छ आहे, ३६ टक्के विरुद्ध ६४. शिवाय मिरोमध्ये फक्त पोटाचा भाग दुर्बिणीतून केला होता, छाती उघडलेलीच होती. चाचणी ज्या प्रश्नासाठी रचली, त्याच प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून घ्या.

लीकचे टक्के शेजारी शेजारी ठेवणं

जोड लीक होणं ही या ऑपरेशनमधली सगळ्यांत धास्तीची गोष्ट. एक निबंध ५ टक्के म्हणतो, दुसरा २० टक्के, आणि वाचणारा पहिल्या हॉस्पिटलला चांगलं ठरवतो. थांबा. फक्त स्कॅनमध्ये दिसलेली, आपोआप भरलेली गळती मोजली होती का? की पुन्हा ऑपरेशन लागलं तेवढीच? २०१५ मध्ये जगभरातल्या सर्जनांच्या गटाने या गुंतागुंतींच्या एकसारख्या व्याख्या ठरवल्या. त्याआधी ज्याचं त्याचं माप वेगळं होतं. मृत्यूचंही तेच. ३० दिवसांचा आकडा ९० दिवसांच्या आकड्यापेक्षा नेहमीच बरा दिसतो, कारण आयसीयूत झुंजणारे काही जण दुसऱ्या महिन्यात जातात.

जोड कुठे आहे, यानेही फरक पडतो. नेदरलँड्सच्या आयकॅन चाचणीत पुन्हा हस्तक्षेप करावा लागलेली गळती छातीतल्या जोडात १२.३ टक्के होती, मानेतल्या जोडात ३१.७ टक्के. मात्र गाठ वर असेल तर छातीत जोड घालताच येत नाही.

आणि जोड घालणारा हात कितपत सरावलेला आहे? छातीत जोड घालण्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन शिकताना काय होतं, यावर एक युरोपीय अभ्यास २०१९ मध्ये आला. गळती शिकण्याच्या काळात १८.८ टक्के होती, हात बसल्यावर ४.५ टक्क्यांवर आली. हात बसायला ११९ ऑपरेशनं लागली. तेव्हा निबंधातला सुंदर आकडा घेऊन येण्याबरोबर डॉक्टरांना सरळ विचारा की तुमच्या युनिटमध्ये वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात आणि तुमचे लीक किती. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

'आता ऑपरेशनच नको' असा अर्थ काढणं

सानो चाचणीनंतर हे फार ऐकू येतं. केमो-रेडिएशननंतर गाठीचा मागमूस दिसला नाही अशा पेशंटमध्ये लगेच ऑपरेशन आणि फक्त बारीक नजर ठेवणं यांची तुलना झाली. दोन वर्षांनी नजर ठेवलेल्यांत ७४ टक्के हयात होते, ऑपरेशन झालेल्यांत ७१. बातमी इथे संपते, निबंध संपत नाही. नजर ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत गाठ त्याच जागी पुन्हा उगवली. ती वेळेत सापडली, कारण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी एंडोस्कोपी, खोलवर बायोप्सी, ग्रंथींची सुईने तपासणी आणि पेट स्कॅन असं सगळं ठरलेल्या तारखेला होत होतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून येणारा पेशंट कापणीच्या दिवसांत एक तारीख चुकवतो, मग दुसरी. 'जेवण जातंय ना, मग कशाला' असं घरात ठरतं, आणि तो परत येतो तेव्हा पाणीही उतरत नसतं. नजर ठेवणं हा उपचार आहे, आणि तारखा पाळता येणार असतील तरच तो निवडावा.

स्वतःच्या पेशंटला चाचणीतला पेशंट समजणं

प्रत्येक चाचणीत कुणाला घेतलं, याचे निकष असतात आणि ते कुणी वाचत नाही. क्रॉसमध्ये वय ७५ पर्यंत, रोजची कामं स्वतः करू शकणारा, आणि वजन १० टक्क्यांपेक्षा जास्त न घटलेला असाच पेशंट घेतला होता. आपल्याकडे ६० किलोचा माणूस ४८ किलोचा होऊन येतो, कारण भाकरी जाईना म्हणून भात, भात जाईना म्हणून पेज, असं चार महिने चाललेलं असतं. त्या माणसाला चाचणीतले आकडे जसेच्या तसे मिळणार नाहीत.

पण यातलं बरंच आपल्या हातात आहे. उपचारांची तारीख ठरेपर्यंत वाट न बघता वजन आणि प्रथिनं भरून काढायला लागा. तोंडाने जात नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालून फीड सुरू करण्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा, नळी म्हणजे शेवट आला असं समजून नाकारू नका. तंबाखू, मिश्री, बिडी त्याच दिवशी बंद. तीन चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र ऑपरेशननंतर हातात देतात, ते आधीच आणून श्वास आत ओढून चेंडू वर धरायचा सराव करा, आणि रोज चालायला घेऊन जा.