क्यूएमूच्या नेटवर्क फिल्टरचं डॉक्युमेंटेशन तपासताना

क्यूएमू म्हणजे एका संगणकात आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात नेटवर्क फिल्टरला नवा पर्याय जोडणारा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) आला की रिव्ह्यू करणारे आधी सी कोड उघडतात. इंटरफेसची व्याख्या असलेल्या स्कीमा फाइलमधल्या चार-पाच ओळींच्या कॉमेंटवरून नजर नुसती फिरते. पण कोडातली चूक पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त होऊ शकते, इंटरफेसमधली होत नाही. पर्यायाचं नाव, त्याचं एकक किंवा डिफॉल्ट एकदा बाहेर पडलं की लिब्व्हर्टसारखी आभासी यंत्रं सांभाळणारी साधनं त्यावर उभी राहतात. काढून टाकायचं ठरलं तरी आधी ते कालबाह्य म्हणून जाहीर करायचं आणि निदान दोन आवृत्त्या सांभाळायचं, असा क्यूएमूचा नियम आहे. शिवाय ही साधनं लिहिणारे तुमचा सी कोड वाचत नाहीत. त्यांच्यासमोर असतं ते त्या कॉमेंटमधून तयार झालेलं संदर्भपान.

नावांचा घोळ आधी मिटवू. क्यूएमूचा नेटफिल्टर म्हणजे लिनक्स कर्नलमधला नेटफिल्टर नव्हे, आणि लिब्व्हर्टचा एनडब्ल्यूफिल्टरही नव्हे. ते दोन्ही फायरवॉलचं काम करतात. क्यूएमूचे फिल्टर नेटवर्क बॅकएंड (यजमान संगणकाच्या बाजूचं नेटवर्कचं टोक) आणि पाहुण्या, म्हणजे आत चालणाऱ्या आभासी यंत्राचं कार्ड यांच्या मधे बसतात. फिल्टर-बफर पॅकेट अडवून ठेवतो, फिल्टर-डंप फाइलमध्ये लिहितो, फिल्टर-मिरर प्रत काढतो, फिल्टर-रिडायरेक्टर पॅकेट दुसरीकडे वळवतो. फिल्टर-रिरायटर आणि कोलो-कंपेअर ही जोडी दोन यंत्रं समांतर चालवणाऱ्या कोलोसाठी आहे. (इथे सगळी नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थात रोमन लिपीत.)

कुठे पाहायचं

एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिलेली असते. फिल्टरचे गुणधर्म क्यूएपीआय फोल्डरमधल्या क्यूओएम स्कीमा फाइलमध्ये, दिशेची यादी त्याच फोल्डरच्या नेट स्कीमा फाइलमध्ये, आणि कमांड लाइनची मदत क्यूएमू-ऑप्शन्सच्या एचएक्स फाइलमध्ये. पॅच पहिल्या फाइलला हात लावतो आणि तिसरी विसरतो, हे इतक्या वेळा घडतं की ते सगळ्यात आधी तपासून मोकळं व्हावं.

मग स्कीमातली कॉमेंट कोड न उघडता वाचा. हा क्रम मोडू नका. एकदा कोड पाहिला की कॉमेंटमधल्या रिकाम्या जागा डोकं आपोआप भरून काढतं आणि त्या दिसेनाशा होतात. प्रत्येक गुणधर्मासमोर विचारा: एकक कोणतं? दिला नाही तर काय होतं? चुकीचा दिला तर काय होतं? दिशा सांगितली असेल तर ती कोणाच्या बाजूने? यातलं जे कॉमेंटवरून कळलं नाही ते कागदावर टिपा.

त्यानंतर डॉक्युमेंटेशन चालू ठेवून बिल्ड करा आणि क्यूएमपी (चालू क्यूएमूला कमांड द्यायचा प्रोटोकॉल) संदर्भाचं तयार पान ब्राउझरमध्ये बघा. कॉमेंटमध्ये ठीक दिसणारा मजकूर तिथे मोडलेला असू शकतो. पुढची ओळ चार जागा आत नसली तर ती गुणधर्माच्या वर्णनातून सुटते. यंत्राला काय वाटतं तेही विचारून घ्या: ऑब्जेक्ट पर्यायात फिल्टरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन हेल्प लिहिलं की क्यूएमू त्या फिल्टरचे गुणधर्म छापतो. ती यादी आणि पान यांत एका नावाचाही फरक असला तर तो पहिला शेरा.

आरएक्स आणि टीएक्स: कोणाचं येणं, कोणाचं जाणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबू. फिल्टरने कोणत्या दिशेची पॅकेट पाहायची ते सांगणाऱ्या क्यू गुणधर्माच्या तीन किमती आहेत: ऑल, आरएक्स, टीएक्स. डिफॉल्ट ऑल. पाहुण्या यंत्रात बसलेल्या माणसाला आरएक्स म्हणजे ‘मला येणारं’ वाटतं. फिल्टर मात्र बॅकएंडला जोडलेला असतो आणि दिशा बॅकएंडच्या बाजूने मोजली जाते. बॅकएंडला जे येतं ते पाहुण्याने पाठवलेलं. म्हणजे आरएक्स हे पाहुण्याकडून बाहेर जाणारं, आणि टीएक्स हे पाहुण्याकडे येणारं.

शब्दावर विसंबू नका, करून पाहा. व्हीहोस्ट (पॅकेट क्यूएमूला वगळून नेणारी सोय) न वापरता साधा यूजर बॅकएंड द्या आणि त्यावर दोन फिल्टर-डंप लावा, एकाला आरएक्स, दुसऱ्याला टीएक्स, फाइली वेगळ्या. यूजर बॅकएंडमध्ये पाहुण्याचा पत्ता सहसा १०.०.२.१५ आणि गेटवेचा १०.०.२.२ असतो. आतून गेटवेला पाच पिंग करा आणि दोन्ही फाइली टीसीपीडंपने वाचा. आरएक्सच्या फाइलमध्ये १०.०.२.१५ कडून निघालेल्या विनंत्या दिसतील, टीएक्सच्या फाइलमध्ये उत्तरं.

आता रिव्ह्यूतल्या मजकुरात ‘येणारी पॅकेट’ असा शब्द आला की विचारा, कोणाकडे येणारी? मिररच्या आउटडेव्हचं (प्रत जिथे पाठवायची त्या डिव्हाइसचं) वर्णन ‘सर्व येणारी पॅकेट’ अशाच शब्दांत आहे. तिथे ‘येणारी’ म्हणजे फिल्टरपाशी येणारी. पाहुण्याकडे येणारी असं कोणी वाचलं तर निम्मी रहदारी त्याच्या हिशोबातून सुटते. नव्या पॅचमध्ये हा शब्द एकटा सोडू नये.

क्रम

एका बॅकएंडवर अनेक फिल्टर लागतात आणि त्यांची यादी बनते. पोझिशन गुणधर्माने नवा फिल्टर हेडला, टेलला किंवा एखाद्या आयडीच्या शेजारी बसतो. आयडी दिला तर इन्सर्ट गुणधर्म त्याच्या आधी की मागे ते ठरवतो, डिफॉल्ट मागे. हेड किंवा टेल दिलं तर इन्सर्टकडे लक्षच दिलं जात नाही, आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, जे योग्यच आहे.

‘आधी’ म्हणजे पॅकेटला आधी भेटणारा, असं मात्र समजू नका. टीएक्सची पॅकेटं यादीत हेडकडून टेलकडे जातात, आरएक्सची टेलकडून हेडकडे. चित्र असं ठेवा: हेड बॅकएंडच्या बाजूला, टेल पाहुण्याच्या कार्डाच्या बाजूला. हेडला डंप आणि टेलला आउटडेव्ह दिलेला रिडायरेक्टर ठेवला, तर पाहुण्याने पाठवलेलं पॅकेट आधी रिडायरेक्टरला भेटतं, तिथूनच वळतं, आणि डंपच्या फाइलमध्ये त्याची नोंद होत नाही. उलट दिशेचं पॅकेट मात्र डंपमध्ये उमटतं आणि मग वळतं. ‘डंप अर्धवट येतो’ अशा तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच. क्रमाशी संबंधित कोणताही नवा मजकूर दोन्ही दिशांनी वाचून बघा.

एकक आणि डिफॉल्ट

फिल्टर-बफरचा इंटरव्हल मायक्रोसेकंदांत आहे आणि तो शून्य चालत नाही. कोलो-कंपेअरची कंपेअर-टाइमआउट मिलिसेकंदांत, डिफॉल्ट ३०००. दोन्ही नेटवर्कचेच, तरी एककं वेगळी. एक सेकंद थांबवायच्या इराद्याने इंटरव्हलला १००० लिहिणारा प्रत्यक्षात एक मिलिसेकंद मागतो, पिंगमध्ये फरक जेमतेम दिसतो आणि फिल्टर चालतच नाही असा समज होतो. खात्री करायची तर टीएक्सवर १०,००,००० लावा. पिंगचं उत्तर एक सेकंदापर्यंत अडकून राहील. म्हणून नवा कालावधी आला की एकक वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात मागा, आणि संख्येबरोबर ती कशाची हेही. डंपचा मॅक्सलेन ६५५३६ म्हणजे प्रत्येक पॅकेटचे जास्तीत जास्त इतके बाइट, फाइलचा आकार नव्हे.

चांगला नमुना हवा असेल तर कोलो-कंपेअरचा मॅक्स-क्यू-साइज वाचा: रांगेत जास्तीत जास्त किती पॅकेट ठेवायची, रांग भरल्यावर नवी टाकून दिली जातात, डिफॉल्ट १०२४. मोजमाप, मर्यादा ओलांडल्यावर काय होतं ते, आणि डिफॉल्ट, सगळं आलं. वाईट नमुनाही जवळच आहे. व्हीनेट-एचडीआर-सपोर्टचं वर्णन जवळजवळ इतकंच सांगतं की खरं केलं तर व्हीनेट हेडरचा (आभासी नेटवर्क कार्डासाठी पॅकेटपुढे जोडलेल्या माहितीचा) सपोर्ट चालू होतो. नावातलाच मजकूर पुन्हा! वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच. मिरर आणि रिडायरेक्टर प्रत्येक पॅकेटच्या आधी चार बाइटची लांबी पाठवतात, मोठा बाइट आधी. हा पर्याय चालू केला की त्यामागे आणखी चार बाइट येतात, व्हीनेट हेडरच्या लांबीचे. एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर घेणारा त्या चार बाइटनाच पॅकेटची सुरुवात समजतो आणि पुढचं सगळं चुकीचं वाचतो. दोन्ही टोकांना सारखा ठेवा, हे एक वाक्य त्या वर्णनात सगळ्यात मोलाचं ठरलं असतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिररचा आउटडेव्ह फाइल प्रकारच्या कॅरॅक्टर डिव्हाइसला जोडा आणि फाइल हेक्समध्ये उघडा. लिनक्समधल्या साध्या पिंगचं इथरनेट पॅकेट ९८ बाइटचं असतं, त्यामुळे त्याच्या आधी ०० ०० ०० ६२ दिसेल.

न चालण्याच्या अटी

काय चालतं ते लिहिणारा लिहितोच. काय चालत नाही ते रिव्ह्यू करणाऱ्याने काढून घ्यायचं. नेटडेव्ह गुणधर्माचं वर्णन म्हणतं की हा बॅकएंडचा आयडी. पण व्हीहोस्ट चालू असलेल्या बॅकएंडवर फिल्टर लागत नाही, कारण तिथे पॅकेट क्यूएमूच्या हातातून जातच नाहीत. एकाहून जास्त रांगा असलेल्या बॅकएंडवरही लागत नाही. दोन्ही वेळा एरर येते, पण ती कोडमध्ये सापडते, पानावर नाही. रिडायरेक्टरचं वर्णन या बाबतीत चांगलं आहे: इनडेव्ह किंवा आउटडेव्ह निदान एक हवं, आणि दोन्ही दिले तर एकच डिव्हाइस नको. अशा अटी एकेक मुद्दाम मोडून बघा आणि मिळालेला एररचा मजकूर पानाशी ताडा.

फिल्टर कधी बनतो आणि कधी जातो, या त्याच्या आयुष्याचाही प्रश्न असतो. कमांड लाइनवर फिल्टर बॅकएंडच्या आधी लिहिला तरी चालतं, कारण क्यूएमू फिल्टर उशिरा बनवतो. चालू यंत्रात ऑब्जेक्ट-ॲडने जोडताना मात्र बॅकएंड आधीच असावा लागतो. बॅकएंड काढला की त्याचे फिल्टरही जातात. नंतर ऑब्जेक्ट-डेल दिला तर एररच मिळेल. आणि स्टेटस ऑफ केल्यावर आत अडकलेल्या पॅकेटांचं काय, हा प्रश्न पॅकेट साठवणाऱ्या प्रत्येक नव्या फिल्टरच्या लेखकाला विचारा. उत्तर आलं की ते पत्रोत्तरात राहू देऊ नका, कॉमेंटमध्ये घालायला लावा.

एक सराव

समजा पॅच दोन कमांड जोडतोय: फिल्टरला सांगायचं की अमुक प्रोटोकॉल, अमुक पत्ता आणि पोर्ट असलेली रहदारी न तपासता सोडून दे, आणि नंतर तो नियम काढून टाक. वर्णन म्हणतं, प्रोटोकॉल: ‘प्रोटोकॉलचं नाव’. इथे विचारण्यासारखं भरपूर आहे.

प्रोटोकॉल मोकळा मजकूर का? नावं जर यजमान यंत्राच्या ईटीसीमधल्या प्रोटोकॉल्स फाइलवरून ओळखली जाणार असतील, तर एकच कमांड एका यंत्रावर चालेल आणि दुसऱ्यावर नाही. ठरावीकच प्रोटोकॉल चालणार असतील तर ईनम (ठरलेल्या किमतींची यादी) हवा. मग साधनाला ती यादी स्कीमा विचारूनच मिळते. पत्त्याच्या जागी होस्टनेम चालेल का, आणि चालत असेल तर नाव सोडवेपर्यंत यंत्र थांबणार का? पोर्ट दिला नाही तर ‘कोणताही’ की एरर? उगम आणि लक्ष्य कोणाच्या बाजूने? हा पुन्हा तोच आरएक्स-टीएक्सचा प्रश्न. तोच नियम दोनदा घातला तर? नसलेला काढला तर? आणि घालायची कमांड आहे, काढायची आहे, पण आत्ता कोणते नियम लागू आहेत ते विचारायची नाही. व्यवस्थापनाचं साधन मधेच बंद पडून पुन्हा उठलं तर त्याला कळणार कसं? हा शेवटचा शेरा कॉमेंटच्या चार ओळींवरूनच सुचतो, कोड न बघता.

रूपाचे नियम

हे पटकन आटपा. ओळ ७० अक्षरांच्या आत, वाक्यांमध्ये दोन जागा, नवी नावं जोडरेघेने. व्हीनेट-एचडीआर-सपोर्टच्या मूळ नावात अंडरस्कोअर आहे तो जुन्या काळचा, तो दाखला म्हणून घेऊ नये. ‘सिन्स’मधला, म्हणजे पर्याय कोणत्या आवृत्तीपासून आहे तो आकडा मात्र दोनदा बघा. क्यूएमूच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात, एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या आसपास. पॅच एका फेरीतून घसरला की आकडा जुनाच राहतो. जुन्या ऑब्जेक्टला नवा गुणधर्म जोडला असेल तर त्याच्यापुढे वेगळा ‘सिन्स’ हवा. इंटरफेस अजून पक्का नसेल तर स्कीमात अनस्टेबल हे फीचर लावायला सांगा. नुसतं वर्णनात ‘प्रायोगिक’ लिहिलेलं यंत्राला वाचता येत नाही.

शेरा लिहिताना ‘हे अस्पष्ट आहे’ एवढ्यावर थांबू नका. पर्यायी वाक्य लिहून द्या, आणि ते कोणत्या प्रयोगावरून आलं ते एका ओळीत सांगा. पॅच लिहिणाऱ्याला कोड तोंडपाठ असतो, त्यामुळे पानावर काय कमी आहे ते त्याला दिसत नाही. तयार वाक्य मिळालं की तो मान्य करतो किंवा ‘असं नाही, तसं आहे’ म्हणतो, आणि दोन्हींत काम पुढे सरकतं. तुम्ही फक्त स्कीमा तपासली असेल तर मंजुरी देताना तेवढंच लिहा: स्कीमाचा भाग पाहिला, सी कोड पाहिलेला नाही.