समुद्राच्या पाण्यातलं सीझियम फुकुशिमाचंच का, हे कसं ठरवायचं

प्रशांत महासागराच्या पाण्यात किरणोत्सर्गी सीझियम-१३७ सापडलं, एवढ्यावरून ते फुकुशिमाचं ठरत नाही. अणुचाचण्यांमुळे २०११ च्या आधीही तिथे घनमीटरमागे १ ते २ बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) होतंच. खरी खूण सीझियम-१३४ ची. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, जेमतेम दोन वर्षांचा, म्हणून जुनं सगळं केव्हाच संपलेलं. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातात मात्र दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात बाहेर पडली.

किरणोत्सर्ग मोजणारं हातातलं यंत्र, गायगर काउंटर, किनाऱ्यावर नेऊ नका. समुद्राच्या पाण्यात नैसर्गिक पोटॅशियम-४० घनमीटरमागे सुमारे १२,००० बेकरेल असतं. त्या गोंगाटात दीड बेकरेल कुठून ऐकू येणार?

पृष्ठभागाचं २० लिटर पाणी घ्या. कॅन आधी त्याच पाण्याने विसळा. तारीख, अक्षांश-रेखांश, क्षारता लिहून ठेवा. पाणी गाळून त्यात आम्ल आणि मोजून थोडं किरणोत्सर्ग नसलेलं सीझियम घाला. मग ते सीझियम धरून ठेवणाऱ्या फेरोसायनाइड रेझिनच्या नळीतून सावकाश सोडा. घाई केली तर सीझियम निसटतं. किती निसटलं ते घातलेल्या सीझियमवरून कळतं. हा हिशेब न करता दिलेला आकडा कमीच येणार.

रेझिन गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरवर ठेवा. १३७ ची रेषा ६६२ केईव्हीला (केईव्ही हे त्या ऊर्जेचं एकक), १३४ ची ६०५ आणि ७९६ ला. घनमीटरला १.४ बेकरेल म्हणजे २० लिटरमध्ये साधारण ३६ सेकंदांना एक विघटन, आणि डिटेक्टरला त्यातलीही थोडीच दिसतात. तेव्हा एक-दोन दिवस मोजणी चालू द्या.

आता हिशेब. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या युक्लुलेटच्या किनाऱ्यावर घनमीटरमागे १३४ होतं १.४ आणि १३७ होतं ५.८ बेकरेल. चार वर्षांत १३४ चं २७ टक्केच उरतं, म्हणून अपघाताच्या वेळचं ५.२. तेवढंच १३७ धरलं तर २०१५ पर्यंत त्यातलं ४.८ उरलं. बाकी १ बेकरेल अणुचाचण्यांचं.

जपानजवळ कुरोशिओ प्रवाहाने अपघातातलं सीझियम मिसळलेलं पाणी पूर्वेकडे ओढलं. काही भाग हिवाळ्यात थंड होऊन काहीशे मीटर खाली गेला, त्यामुळे फक्त पृष्ठभाग मोजलात तर तो हातून सुटतो. उंच लाटांचा रंगीत नकाशा 'किरणोत्सर्गाचा' म्हणून फिरतो, तो त्सुनामीचा आहे.

२०२५ पर्यंत १३४ मूळच्या एका टक्क्यावर आलं. नव्या नमुन्यात ते दिसलं नाही म्हणून फुकुशिमा वगळू नका. १३७ ची तुलना त्याच जागेच्या जुन्या नोंदींशी करा.