पेनची रेघ फक्त कडेलाच सरकते: माझा अनुभव

टॅबलेटच्या उजव्या कडेला पेनचं टोक एकीकडे, रेघ दोन मिलिमीटर पलीकडे. बाकी स्क्रीन ठणठणीत. निब बदलली, ड्रायव्हर (पेन चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकला, दोनदा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे टोक आणि रेघ जुळवून घेतली. जाम वैतागलो.

माझं पेन बिनबॅटरीचं. स्क्रीनमागची तारांची जाळी विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनमधली कॉइल (तारेचं वेटोळं) त्यांच्यावरच चालून उत्तर देते. आणि मी कव्हर मागे दुमडून लिहीत होतो. त्यातलं चुंबक नेमकं त्याच कडेमागे, त्या लहरींत गडबड करत!

आधी कव्हर काढलं. मग जुनं कॅलिब्रेशन रीसेट (हे चुकवू नका, चुंबकासकट घेतलेलं माप तसंच राहतं). रीस्टार्ट. शेवटी, रोज लिहितो तसं पेन तिरकं धरून नव्याने कॅलिब्रेशन. रेघ टोकाखालीच उमटली.

बॅटरीवाल्या पेनची गोष्ट वेगळी. तिथे आधी बॅटरी तपासा.