गांधर्वच्या परीक्षेला बसताय? आधी सुरुवात घोटून घ्या

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात मुलाला गाण्याचा किंवा तबल्याचा क्लास लावला की वर्ष-दोन वर्षांत ‘परीक्षेला बसवायचं का?’ हा प्रश्न घरात येतोच. परीक्षा म्हणजे बहुतेकांच्या मनात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ साली ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. मिरज हे त्याचं जुनं ठिकाण, आणि आपल्या वाशीतही मंडळाची वास्तू आहे. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या. प्रवेशिकेपासून पुढे प्रत्येकीचे ‘प्रथम’ आणि ‘पूर्ण’ असे दोन भाग.

मी परीक्षा केंद्रांवर तबल्याची साथ करतो. परीक्षार्थी दारातून आत आल्यापासून पहिली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठेपर्यंतचा वेळ माझ्याइतका जवळून कुणी पाहत नसेल. गाडी अडते ती तिथेच. रियाज कमी पडला म्हणून अडते असं नाही. क्लासमध्ये बाई पेटीवर सूर धरतात, पहिली ओळ स्वतः म्हणतात, हाताने सम दाखवतात आणि मूल त्यात मिसळून जातं. परीक्षेत अनोळखी परीक्षक म्हणतात, ‘हं, भीमपलास म्हणा.’ आणि खोली गप्प होते. ती शांतता स्वतः मोडायची तालीम कुणी करून घेतलेली नसते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : फॉर्म भरण्याआधी

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन वेळा होतात, एप्रिल-मेच्या सुमारास आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. फॉर्म त्याच्या बरेच आधी, शिक्षकांच्या आणि केंद्राच्या मार्फत जातात. मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच फॉर्मवर लिहा. पुढे दहावीला वाढीव गुण मागताना हे फार उपयोगी पडतं.

सत्र निवडताना शाळेचं वेळापत्रक बघाच, पण गळाही बघा. तेरा-चौदाच्या आसपास मुलांचा आवाज फुटतो. काल काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारा मुलगा आज काळी दोनवरसुद्धा चिरकतो. अशा वेळी सहा महिने थांबण्यात काही बिघडत नाही. थांबायचं नसेल तर खालची पट्टी आताच ठरवा आणि त्याच पट्टीत सगळा रियाज करा. परीक्षेच्या आठवड्यात पट्टी बदललेली मुलं तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, हमखास अडकतात.

मोठ्या माणसांनीही लाजू नये. चाळिशीतल्या काकू रांगेत दहा वर्षांच्या मुलांच्या मागे बसलेल्या मी नेहमी बघतो. त्यांची तयारी बहुधा जास्त पक्की असते, फक्त हात जास्त थरथरतात.

पायरी २ : एका रागाला एक पान

अभ्यासक्रमाची प्रत घ्या आणि प्रत्येक रागाला वहीचं एक पान द्या. आरोह, अवरोह, पकड (रागाची ओळख पटवणारे स्वर), थाट (रागाचा स्वरगट), वादी-संवादी (रागातले मुख्य आणि दुय्यम स्वर), वर्ज्य स्वर, गानसमय हे सगळे लिहितात. बहुतेकजण जे लिहीत नाहीत ते असं : बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेला नेणारा सुरुवातीचा तुकडा, कितव्या मात्रेपासून उठतो आणि सम कुठल्या अक्षरावर येते. त्रितालातल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (जिथे टाळी न देता हात फिरवतात तिथून) उठतात, पण सगळ्या नाही. हा आकडा डोक्यात नसेल तर तबला चालू असताना कुठून शिरायचं हे कळत नाही आणि मूल माझ्या तोंडाकडे बघत बसतं.

पायरी ३ : चिठ्ठ्या

रोजच्या रियाजात आपण राग ओळीने गातो. आधी भूप, मग दुर्गा, मग काफी. त्यामुळे प्रत्येक राग आधीच्या रागाच्या आधाराने सुचतो. परीक्षक ओळीने विचारत नाहीत.

म्हणून रागांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी, शाळेतून आल्यावर, अगदी दप्तर खांद्यावर असताना, एक चिठ्ठी काढायची. तानपुऱ्याचा सा लावायचा, दोन श्वास घ्यायचे आणि आरोह, अवरोह, पकड म्हणून बंदिशीची पहिली ओळ समेपर्यंत आणायची. बस. पूर्ण बंदिश म्हणायची नाही. इथे घोटायची आहे ती सुरुवात. तबल्याच्या मुलांनी चिठ्ठीवर कायद्यांची (तबल्यावरच्या ठरावीक रचनांची) नावं लिहावीत आणि आधी पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत, मगच हात लावावा. तोंडाने नीट न येणारा बोल हाताने नीट वाजत नाही आणि परीक्षक पढंत विचारतातच.

सारख्या वाटणाऱ्या रागांच्या चिठ्ठ्या मुद्दाम लागोपाठ काढा. भीमपलास आणि बागेश्रीचंच बघा. दोन्ही काफी थाटाचे, दोन्हीत गंधार-निषाद कोमल, वादी मध्यम आणि संवादी षड्ज हेसुद्धा दोन्हीत तेच. पाठ केलेल्या व्याख्येचा इथे काही उपयोग होत नाही. फरक चालीत आहे. भीमपलासच्या आरोहात रिषभ-धैवत नाहीत, म्हणून मध्यमावरून ‘म प नी सां’ असं वर जायचं. बागेश्रीच्या आरोहात रिषभ-पंचम नाहीत, म्हणून ‘म ध नी सां’. मध्यमाच्या पुढचा एक स्वर चुकला की दुपारचा राग रात्रीचा होतो. भूप आणि देशकारचंही तसंच. स्वर तेच पाच, पण भूपात वजन गंधारावर आणि देशकारात धैवतावर. ‘या दोहोंत फरक काय?’ असं विचारलं तर बोलून दाखवण्याआधी दोन्हींचा एक-एक छोटा आलाप गाऊन दाखवा. परीक्षकांचा चेहरा लगेच खुलतो.

पायरी ४ : हातावर ताल

गाण्याच्या मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात असं माझं मत आहे. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, पाठ असतो, पण टाळी-खाली दाखवत म्हणायला सांगितलं की हात एकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

त्रिताल सगळ्यांना येतो. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांचा, खाली सहाव्या मात्रेवर. रूपक सात मात्रांचा आणि त्याची समच खालीवर, म्हणून पहिल्याच मात्रेला टाळी दिली की गडबड उघडी पडते. एकताल आणि चौताल दोन्ही बारा मात्रांचे, टाळ्या त्याच जागी, फक्त बोल वेगळे.

दुगुन, म्हणजे दुप्पट लय, शिकताना आधी पाय हलवा. पायाने मूळ मात्रा चालू ठेवायची आणि तोंडाने एका मात्रेत दोन बोल बसवायचे. एका आवर्तनाची (तालाच्या एका फेरीची) दुगुन समेवर संपवायची तर कुठून उचलायची हे आकड्याने माहीत हवं. त्रितालात नवव्या मात्रेपासून, झपतालात सहाव्यापासून. रूपकाची दुगुन साडेतीन मात्रांत संपते, म्हणून ती चौथ्या मात्रेच्या मध्यावर उचलावी लागते. हे अवघड आहे. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बरच्या प्रवासात मांडीवर हाताने करत राहा, शेजारचा बघेल तर बघू दे.

पायरी ५ : साथीदाराशी बोला

मोबाइलमधल्या तबल्यावर वर्षभर रियाज केलेली मुलं जिवंत तबल्याला बिचकतात. ॲपची लय कधी हलत नाही, ठेक्यात भर पडत नाही आणि ॲप तुमच्याकडे बघतही नाही. परीक्षेआधीच्या महिन्यात निदान काही वेळा खऱ्या तबलजीबरोबर बसा. क्लासमधला तबल्याचा मोठा विद्यार्थीही चालेल, त्याचीही तयारी होते.

केंद्रावर आत आल्यावर मला तीन गोष्टी सांगा : पट्टी, ताल, लय. ‘काळी चार, त्रिताल, मध्य लय’ एवढं बोलणं पुरतं. पण मध्य लय म्हणजे नेमकी किती, हे शब्दांत सांगता येत नाही. त्यासाठी बंदिशीची ओळ मनात गुणगुणा आणि त्या चालीने चार मात्रा टाळीने द्या, किंवा तोंडाने ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणा. मी तीच लय धरेन. भीतीने लय चढते. घरी ज्या लयीत म्हणता तिच्यापेक्षा थोडी संथ मागा, म्हणजे ती आपोआप योग्य ठिकाणी येते.

लय जमली नाही तर पहिल्या आवर्तनातच ‘थोडं संथ’ म्हणा. यात उद्धटपणा नाही. चढ्या लयीत तानांची ओढाताण करणारा विद्यार्थी बघणं आम्हालाच जास्त त्रासाचं असतं. आणि सम चुकलीच तर थांबू नका. ठेका ऐका, खाली कुठे आली ते बघा आणि मुखडा परत उचला. चुकून सावरलेलं परीक्षकांना दिसतं आणि ते त्याची दखल घेतात.

पायरी ६ : लेखी

वरच्या पायऱ्यांना लेखी पेपर असतो. व्याख्या आणि चरित्रं पाठ होतात, गोंधळ होतो लिपींचा, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याच्या दोन पद्धतींचा. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो, पलुस्कर लिपीत डोक्यावरचाच बिंदू मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, दाखवतो. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य, पलुस्कर पद्धतीत समेला एकचा आकडा आणि खालीला अधिक. एकच बंदिश दोन्ही लिपींत समोरासमोरच्या पानांवर लिहून काढा, मग मिसळायची नाही.

कीबोर्ड, गिटार, पियानोवाल्यांसाठी थोडंसं

एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडन या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड देणारी मुलंही आता घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत भरपूर आहेत. एबीआरएसएमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट आणि १३० ला डिस्टिंक्शन. ट्रिनिटीत १०० पैकी ६० ला पास. एबीआरएसएमची सहावी ग्रेड द्यायची असेल तर आधी पाचवीची थिअरी किंवा तिच्याऐवजी चालणारी परीक्षा झालेली लागते, हे पालकांना फार उशिरा कळतं. व्हिडिओ पाठवायच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चारही तुकडे एका दमात वाजवायचे असतात, मध्ये काटछाट नाही. कुकरच्या शिट्ट्या, लिफ्टचा आवाज आणि खालचा गॅरेजवाला यांचा अंदाज घेऊनच वेळ ठरवा. चिठ्ठ्यांची युक्ती स्केल्सनाही तशीच लागू पडते.

पायरी ७ : लुटुपुटुची परीक्षा

दोन-तीन आठवडे आधी घरीच परीक्षा घ्या. परीक्षक म्हणून गाण्यातलं काही न कळणारी, पण मुलाला अनोळखी असलेली व्यक्ती बसवा. सोसायटीतले एखादे निवृत्त काका उत्तम. त्यांच्या हातात रागांची यादी आणि प्रश्न द्या. मुलाने बाहेर पंधरा मिनिटं खुर्चीवर बसायचं, नाव पुकारल्यावर आत यायचं, नमस्कार करायचा, मांडी घालून सूर लावायचा. आईने दाराआडून शब्द पुरवायचे नाहीत. ही अट आयांना जड जाते, पण तालीम याचीच आहे.

पायरी ८ : आदला दिवस आणि प्रवास

परीक्षा बऱ्याचदा रविवारी असते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. हार्बर, ट्रान्स-हार्बरचं वेळापत्रक शनिवारी संध्याकाळीच बघा. घोडबंदर रोडने यायचं असेल तर कापूरबावडी-माजिवड्याला वेळ जाणार हे धरूनच निघा. धावतपळत आलेल्या मुलाचा सा लागायलाच पाच मिनिटं जातात.

नोव्हेंबरचं सत्र दिवाळीला लागून आलं तर फटाक्यांचा धूर आणि तळलेला फराळ दोन्ही गळ्याला बाधतात. चकली परीक्षेनंतर खा. आदल्या रात्री तास-तास रियाज करून आवाज बसवू नका.

तबलावाल्यांनी हातोडी, पावडर आणि रुमाल बरोबर ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडून तबला उतरतो, एसीच्या कोरड्या खोलीत चढतो. बाहेर लावून आणलेला तबला आत गेल्यावर पुन्हा तपासायचा. मोबाइलवरचा तानपुरा वापरणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर ठेवा. आलापाच्या मधोमध आत्याचा फोन आलेला मी ऐकला आहे.

पायरी ९ : आत गेल्यावर

भीती वाटणारच. तोंड कोरडं पडतं, श्वास वरवर होतो आणि म्हणून सूर थरथरतो. बाहेर बसल्या बसल्या श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. आत आल्यावर पहिला सा घाईने टाकू नका. तानपुऱ्यात मिसळेपर्यंत लांब धरा. परीक्षक त्यासाठी थांबतात. विचारलेला राग आठवला नाही तर त्याचा आरोह मंद्रापासून हळू म्हणायला लागा, बंदिश बहुधा मागोमाग येते. उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणून मोकळं व्हा. अंदाजपंचे वादी-संवादी सांगितले की पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

पायरी १० : बाहेर आल्यावर

‘किती मिळतील?’ हे विचारू नका. त्याऐवजी त्याच संध्याकाळी काय काय विचारलं आणि कुठे अडलं ते वहीत उतरवून घ्या, कारण आधीच्या पायऱ्यांचे राग पुढच्या परीक्षेतही विचारतात. प्रमाणपत्र आलं की नावाचं स्पेलिंग तपासा आणि प्रती काढून ठेवा. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत आणि मुदतीत जावा लागतो. दहावीचं वर्ष सुरू झाल्या झाल्या शाळेच्या ऑफिसात विचारा : किती परीक्षा झालेल्या लागतात, कुठली कागदपत्रं हवीत आणि शेवटची तारीख कोणती.