पोलीस, शिक्षण आणि धर्मसेवा: गोव्यात या वाटेला लागणाऱ्यांसाठी

तिन्ही कामांची ओढ असेल तर आधी क्रम ठरवा. पोलीस भरतीला वयाची अट असते आणि मैदानी चाचणीत धावणं काही चुकत नाही, म्हणून ती पहिली. बीएड नंतरही करता येतं. धर्मगुरू होणं मात्र पोलिसाच्या नोकरीसोबत चालत नाही. राज्यसत्तेचा अधिकार चालवावा लागेल असं पद कॅथलिक धर्मगुरूनं घेऊ नये, असा चर्चचा कायदाच आहे. त्यामुळे दीक्षेआधी वर्दी उतरवावी लागते. शिवाय किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान शिकावं लागतं. गोव्यात हे शिक्षण राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, होतं. संसारी माणसासाठी कॅटेकिस्टची, म्हणजे धर्मशिक्षकाची, वाट मोकळी आहे. मे 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या कामाला रीतसर सेवापदाचा दर्जा दिला.

सरकारी नोकरीत असताना विनामोबदला समाजसेवा करायला आचारसंहितेची आडकाठी नाही, फक्त ड्यूटीत खोट येता कामा नये. पैसे घेऊन शिकवण्या घेणं मात्र परवानगीशिवाय चालत नाही. इथे भलेभले फसतात.

भरतीची कागदपत्रं जाहिरात येण्याआधीच जमवून ठेवा. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला ऐनवेळी हातात पडत नाही. कोकणी येणं सक्तीचं असतं, मराठी येत असेल तर चांगलं, एवढंच. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी कोकणी समजण्यावर थांबू नये, न अडखळता बोलता यायला हवी. निवड झाली की वाळपईचं प्रशिक्षण केंद्र. तिथे कवायत अंगवळणी पडतेच. फिर्याद नीट लिहायला शिकायचं ते स्वतःच्या जिद्दीनं, आणि माझ्या मते पोलिसाची खरी परीक्षा तिथेच होते.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. गुन्हा आपल्या हद्दीतला नाही म्हणून फिर्यादीला परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं नोंद करून ती पुढे पाठवायची. लिहिलेलं वाचून दाखवायचं, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. चूक होते ती भाषांतरात. सत्तरी तालुक्यातली बाई सांगते, ‘दिवेलागणीला तो अंगणात आला.’ लिहिणारा घाईत इंग्रजीत ‘सायंकाळी 7 वाजता’ लिहितो. पुढे कोर्टात तीच बाई ‘घड्याळ पाहिलं नव्हतं’ म्हणते आणि बचावाचा वकील तेवढंच पकडतो. तिनं जे म्हटलं तेच लिहा, वेळ ‘अंदाजे’ म्हणून नोंदवा. वाचून दाखवाल तेही तिच्या भाषेत.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. निघण्यापूर्वी फोनची बॅटरी आणि मोकळी जागा तपासा. दारात पाऊल टाकण्याआधी चित्रण सुरू करा, पंचांचे चेहरे दिसू द्या आणि मध्ये थांबवू नका. तुटलेल्या चित्रणावरून न्यायालयात नको ते प्रश्न निघतात.

शिक्षणाच्या बाजूला एक गोष्ट नीट समजून घ्या. बीएड दोन वर्षांचं असतं, पण ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिक शाळेसाठी ती पदवी चालत नाही. लहान मुलांना शिकवायचं असेल तर डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, करा, त्यासाठी पर्वरीला संस्था आहे. बीएडसाठी पणजीत आल्तिनोला आणि फोंड्यात महाविद्यालयं आहेत.

वर्दीतून वर्गात आलेल्याची जुनी सवय म्हणजे जाब विचारणं. ‘खरं सांग’ म्हटलं की मूल घाबरून सुटकेचं उत्तर देतं. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. मागच्या बाकावरचं उत्तर त्या शांततेतच येतं. मारणं तर दूरच, मानसिक छळही शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं बंद केला आहे. आणि धर्मसेवेची ओढ असलेल्यांनी हे कधी विसरू नये: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. संविधानाचं 28 वं कलम आहे. दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, रविवारी इगर्जीतच, चर्चमध्येच, शिकवा.

या तिन्ही कामांची गाठ पडते ती मुलाच्या तक्रारीत. समजा, सातवीतली मुलगी सुट्टीत थांबते आणि म्हणते, ‘टीचर, कोणाला सांगू नका हं.’ तिथे ‘नाही सांगणार’ असं वचन कधीही देऊ नका. म्हणा, ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन.’ दार उघडं ठेवून बसा, कोणी हाकेच्या अंतरावर असू द्या. तपशील खोदून विचारू नका, ती बोलेल तेवढं ऐका आणि लगेच तिच्याच शब्दांत लिहून तारीख, वेळ टाका. तक्रार लैंगिक अत्याचाराची असेल तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्यानं ही खबर पोलिसांना देणं सर्वांवर बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांशी बोलून थांबणं पुरेसं नाही. लपवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाब घेताना शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी, वर्दी नसावी, आणि तो मुलीच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी घ्यावा. धर्मसेवकाच्या कानावर असं आलं तर ‘आपल्यात मिटवू’ हा सल्ला पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. कुमसाराची, म्हणजे धर्मगुरूपुढे दिलेल्या पापाच्या कबुलीची, गुप्तता दीक्षित धर्मगुरूलाच बांधते, कॅटेकिस्टकडे तसा कोणताही आडोसा नाही.

धर्मसेवेत मराठी शाळेतून आलेल्याची पहिली अडचण लिपीची. इगर्जीतली पुस्तकं रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत असतात. त्यात ‘एक्स’ हे अक्षर ‘श’ वाचायचं, म्हणून ‘शांती’ एक्सनं सुरू होते. शब्दाच्या शेवटचा ‘एम’ बहुधा अनुस्वार असतो. रोज एक पान मोठ्यानं वाचा. यात कमीपणा मानू नका: इंग्लंडहून आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये राशोलहून छापलेलं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांतलंच होतं.

कोलवाळच्या तुरुंगात कैद्यांसाठी जायचं असेल तर कारागृह प्रशासनाची परवानगी आधी घ्या. कैद्याची चिठ्ठी बाहेर नेऊ नका, निरोपही नाही. दयेपोटी नेलेल्या एका चिठ्ठीनं सगळ्यांचं जाणं बंद होऊ शकतं.

शेवटी मृत्यूचा निरोप. तो पोलिसाला द्यावा लागतो, शिक्षकाला आणि फादरनाही. एकट्यानं जाऊ नका. दारात नाव दोनदा पडताळा, कारण एका वाड्यावर त्याच नावाची दोन माणसं असतात. आत जाऊन बसवा, मग ‘वारले’ हाच शब्द वापरा. ‘सीरियस आहे’ म्हटलं की घरचे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धावतात आणि रस्त्यात कोणाच्या तरी फोनवर खरं कळतं. सांगून झालं की बोलू नका. शवचिकित्सा कुठे होईल आणि कोणाला भेटायचं, हे कागदावर लिहून द्या, त्या क्षणी तोंडी सांगितलेलं डोक्यात राहत नाही. शेजारीण किंवा नातेवाईक येऊन बसेपर्यंत उठू नका.