कमी खर्चात चाकू घडवण्याची अवजारं: जुनं काय घ्यावं, नवं काय घ्यावं

पहिला चाकू करायचा ठरला की बहुतेकांची नजर आधी बेल्ट ग्राइंडरवर (फिरत्या पट्ट्यावर धातू घासणाऱ्या यंत्रावर) जाते आणि सगळं बजेट तिथेच संपतं. घाई करू नका. ३ मिमी जाडीच्या पट्टीतून छोटं पातं कानशीने सहज निघतं. वेळ लागतो, पण हात चुकला तर लगेच दिसतं आणि सावरता येतं. ग्राइंडरवर धारेकडचा उतार डोळ्यांदेखत खोल जातो, गेलेलं पोलाद परत येत नाही.

खरेदी करताना एक गोष्ट धरून चाला: पकडणारं अवजार जुनं चालतं, कापणारं नवंच लागतं.

शेगडा (व्हाइस) जुन्या सामानात शोधा, १०० मिमी जबड्याचा पुरेसा आहे. जबडे मिटवून उजेडासमोर धरा. फट एका बाजूला रुंद दिसली तर सोडून द्या. बिडाच्या अंगावर तडा किंवा वेल्डिंगची शिवण असेल तरीही नको. दांडा फिरवताना थोडा खेळ चालतो, पण घट्ट आवळल्यावर स्क्रू घसरत असेल तर आतले आटे गेलेत. वरवरचा गंज आणि झिजलेले जबडे यांची चिंता नको. पात्यावर वळ उठू नयेत म्हणून जबड्यांवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावायचेच असतात. सी-क्लॅम्प आणि हॅकसॉची फ्रेमही जुनी घ्या, करवतीचं पातं मात्र नवं.

कानशी तीन पुरतात: ३०० मिमीची जाड दातांची चपटी, २०० मिमीची मध्यम दातांची चपटी आणि मुठीच्या वळणांसाठी एक अर्धगोल. जुनी कानस मिळालीच तर दातांची टोकं उजेडात पाहा. ती चमकली तर बोथट झालीत. दाब पुढे जातानाच द्यायचा, परतताना कानस उचलायची. दातांवर खडू घासून ठेवला तर कीस कमी अडकतो. अडकलेला एक कण पात्यावर जो ओरखडा ओढतो, तो काढायला पॉलिश पेपरवर तासभर जातो. कानशी एका डब्यात सुट्ट्या टाकू नका, एकमेकींवर आपटून दात जातात.

धारेची मध्यरेषा आखायला वेगळं साधन लागत नाही. पात्याच्या जाडीइतकाच ड्रिल बिट घ्या. पट्टी काचेवर आडवी ठेवा, बिटही शेजारी आडवा ठेवा आणि त्याचं टोक मार्करने रंगवलेल्या कडेवरून ओढा. टोक बिटाच्या बरोबर मध्यावर असतं, त्यामुळे रेघही मध्यावरच उमटते. रेघेच्या दोन्ही बाजूंनी घासत या आणि कड ०.५ ते ०.७ मिमी जाड असताना थांबा. त्याहून पातळ कड पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं एकदम थंड करून कडक करताना, वाकते किंवा तडकते.

मूठ बसवायची भोकं पाणी देण्याआधीच पाडा, नंतर साधा बिट चालणार नाही. हातातलं ड्रिल पुरतं. वेग कमी, दाब ठाम, थेंबभर तेल. बिट किंचाळत नुसता घासत राहिला तर तिथलं पोलाद कडक होतं आणि बिटाची धार जाते. पट्टी क्लॅम्पमध्येच हवी. हातात धरलेली पट्टी बिटात अडकली की पंख्यासारखी फिरते.

पोलादावर काटकसर करू नका. गाडीच्या जुन्या कमानपाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) थकव्याचे बारीक तडे लपलेले असू शकतात आणि ते कुठल्या जातीचं पोलाद आहे हेही कळत नाही. १०८४ या साध्या कार्बन पोलादाची नवी पट्टी घ्या, तिला साध्या भट्टीतही पाणी देता येतं.

भट्टीसाठी दोन हलक्या इन्सुलेटिंग फायरब्रिक (भट्टीच्या विटा) आणि प्रोपेन टॉर्च बस. जड फायरब्रिक नको, ती सगळी उष्णता स्वतःच पिते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबक चिकटेनासं होतं. तिथून थोडं वर, ८१५ अंशांच्या आसपास न्या आणि ५० अंशांपर्यंत कोमट केलेल्या वनस्पती तेलात टोक खाली धरून सरळ बुडवा. तेल झाकणाच्या उंच धातूच्या भांड्यात, पातं पूर्ण बुडेल एवढं. वापरलेलं इंजिन ऑइल कधीच नको, त्याचा धूर विषारी असतो. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका.

मग जुनी कानस पात्यावर फिरवा. ती काचेवरून जावी तशी घसरली तर पाणी बसलं. पहिले दोन घास लागले तरी घाबरू नका, तो जळालेला वरचा थर असतो. त्याखालीही कानस लागली तर उष्णता कमी पडली, पुन्हा तापवा.

पाणी बसलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, खाली पडलं तर तुटेल. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा ठेवा. आत वेगळा थर्मामीटर हवाच, ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका.

चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क नवाच घ्या. मुठीचं लाकूड आणि इपॉक्सी घासताना उडणारी भुकटी फुफ्फुसात जाते.